दोन सूत आणि सहाचा बोल्ट

मी चौकट बोलतेय. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या अंगाभोवती बसते ती. आणि आधीच सांगून ठेवते, मला पिंजरा म्हणायचं नाही. दुकानदार म्हणतात, कंपन्या खोक्यावर छापतात; छापू देत. पिंजरा आतल्याला कोंडतो. मी आतल्यासाठी मार खाते. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्याने पुढचं वाचलं नाही तरी माझं काही अडत नाही.

हे नवे मिररलेस कॅमेरे दिसायला मोठे ऐटबाज. मुठीत मावतील एवढे. पण व्हिडिओ करायचा तर माइक हवा, दिवा हवा, धरायला मूठ हवी. आणि ह्या राजेश्रींच्या अंगाला काय? डोक्यावर एक खाच, बुडाला एक भोक. बाकी सगळा नाजूक कारभार. वायर जरा ओढली गेली की खोबणीच ढिली. माझ्या अंगाला एकोणीस भोकं आहेत, आणि एकही शोभेला नाही.

मला घडवलं वहिनीने. तिची नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही. तिच्या नवऱ्याचं छोटं वर्कशॉप आहे. त्यात नवऱ्याचं लेथ आणि कोपऱ्यात वहिनीचं, धातू कोरायचं मिलिंग मशीन. ते ती कुठे शिकायला गेली नव्हती. बघून बघून, बोटं भाजून शिकली. गिऱ्हाईक मात्र माल हातात घेऊन तिच्या नवऱ्यालाच म्हणायचं, "काय सफाई आहे हो तुमच्या हाताला!" आणि तोही मान डोलवायचा.

एक दिवस तो म्हणाला, "दुसरं मशीन नुसती जागा अडवतंय. महिनाअखेरपर्यंत त्याला स्वतःचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर विकून टाकू."

"मशीन अडवतंय की मी?" वहिनीने विचारलं. तो चहा प्यायला बाहेर गेला.

काम आणलं तिच्या नणंदेने. ती आगीचे बंब चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात कॅमेरा चालवते. शिडीवर, धुरात, पाण्याच्या माऱ्यात उभी राहून सरावाचे व्हिडिओ घेते. केंद्राला सहा कॅमेऱ्यांसाठी चौकटी हव्या होत्या. बाजारातल्या दोन नमुन्याला आल्या होत्या, तिसरी मी. जी परीक्षेत टिकेल ती सहाही कॅमेऱ्यांना.

वहिनीने मला एका अखंड ठोकळ्यातून कोरून काढली. भोकांना आटे पाडले ते दोन सूतचे. कॅमेऱ्याच्या सामानाचं माप अजून जुन्या इंचातलं आहे. पाव इंच म्हणजे दोन सूत. मुठीचा बोल्टही तिने स्वतःच केला आणि नणंदेच्या हातात ठेवला. "वन्सं, हा जपा. ह्याच्यासारखा दुसरा नाही." नणंद वयाने लहान, तरी वहिनी तिला वन्संच म्हणते. चिडली की जरा जास्तच.

परीक्षा घेतली केंद्राच्या भांडारसाहेबांनी. माणूस काटेकोर, हे मी कबूल करते. मला तागडीत घातलं. बॅटरी काढायला चौकट सोडावी लागते का ते पाहिलं. नाही लागत. कार्ड निघतं का? निघतं. कॅमेऱ्याचा दुमडता पडदा पूर्ण उघडतो का? उघडतो. बाजारातल्या एकीत पडदा अर्ध्यावर अडला, दुसरीत वायरचा चिमटा पहिल्याच हिसक्याला सुटला. मी मनात हसले. हसू नये म्हणतात, मी हसते.

मग मुठीची पाळी आली. नणंद बॅटऱ्या आणायला गेली होती आणि बोल्ट सापडेना. भांडारसाहेबांनी खण उघडला, चाचपून एक बोल्ट काढला आणि माझ्या भोकात फिरवायला लागले. तो सहा मिलिमीटरचा होता. दोन सूत आणि सहा, दिसायला जुळी भावंडं. पण आट्यांची चाल, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळी. दोन फेरे आत गेला आणि रुतला. साहेब म्हणाले, "बसला घट्ट."

बसला नव्हता हो, अडकला होता! मला तोंड असतं तर भांडार डोक्यावर घेतलं असतं.

त्यांनी मूठ धरून मला उचललं आणि एक हिसका दिला. मी कॅमेऱ्यासकट काँक्रीटच्या जमिनीवर. डावा कोपरा चेपला. आतल्या कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नाही. तो चालूच होता, टेबलाखालची धूळ इमानदारीने टिपत होता. पण ते कोण बघतो? साहेबांनी कागदावर लिहिलं: "आटे कच्चे. नापास." खाली सही, तारीख.

नणंद मला पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये घेऊन आली. तोंड एवढंसं झालेलं.

"वहिनी, मूठ उपटून आली गं."

वहिनीने मला उजेडात धरलं, भोकात डोळा लावला. मग म्हणाली, "वन्सं, माझा बोल्ट कुठाय?"

"लावला असेल त्यांनीच..."

"खिसा उलटा करा."

"अगं पण वहिनी..."

"करा म्हणते ना!"

जॅकेटच्या खिशातून रुमाल पडला, खडीसाखर पडली, आणि टण्णकन बोल्ट. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाली, "रडून आटे सरळ होतात का? उद्या सकाळी मला तिथे घेऊन चला."

नवरा लेथवरूनच म्हणाला, "कशाला जातेस? नवी गुळगुळीत करून दे, झालं. पडलेली दाखवून हसं कशाला करून घ्यायचं?"

"हसं ज्याचं व्हायचं त्याचंच होईल," वहिनी म्हणाली.

माझं बिघडलेलं भोक तिने मोठं केलं, त्यात तीन सूतचे आटे पाडले आणि मुठीला त्याच मापाचा नवा बोल्ट केला. चेपलेल्या कोपऱ्याला मात्र हात लावला नाही.

भांडारसाहेबांपुढे तिने आटे मोजायची पट्टी ठेवली, शेजारी दोन्ही बोल्ट. "साहेब, हा तुमच्या खणातला, सहाचा. हा माझा, दोन सूतचा. मोजा." त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा काढून पुसला.

"दिसायला सारखेच आहेत हो बाई."

"म्हणून तर मोजायचं असतं. आणि आता हिला परत पाडा. टेबलावरून नको, शिडीवरून."

"बाई, आत कॅमेरा आहे!"

"म्हणूनच म्हणतेय."

नणंदेने डोळे मिटून घेतले. मला शिडीच्या आठव्या पायरीवरून सोडलं. खाली येताना मी एवढंच ठरवलं होतं, की काय मोडायचं ते माझं मोडेल. धाडकन आदळले. मूठ जागच्या जागी. कॅमेऱ्यातला लाल ठिपका चालूच.

साहेबांनी जुना शेरा खोडला नाही. म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही. त्याच्याखाली लिहिलं: "वरील चूक तपासणाऱ्याची. चौकट पास. सहा घ्याव्यात." बनवणाऱ्याचं नाव विचारलं. नणंदेने भावाचं नाव सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि वहिनीकडे बोट केलं. वहिनीने आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, ठसठशीत.

मशीन विकलं नाही. आता तिचा नवराच गिऱ्हाइकाला सांगतो, "ते काम तिला विचारा." सांगताना घसा खाकरतो, पण सांगतो.

माझ्यामागून आलेल्या पाच चौकटी गुळगुळीत आहेत, देखण्या आहेत. मी नणंदेच्याच कॅमेऱ्यावर असते. परवा केंद्रात एकजण आला, म्हणाला, "हिचा कोपरा जरा घासून घ्या की, बरं दिसेल." नणंद नाही म्हणाली. तुम्हालाही सांगते, कानस घेऊन माझ्याजवळ येऊ नका. धार अजून आहे. बोट कापलं तर मी माफी मागणार नाही.