केबल की टेलिफोन

२००७ सालची गोष्ट. धारवाडात सुभाष रोडवर माझं इंटरनेटचं दुकान होतं, चार कॉम्प्युटरचं. माझी बायको जयलक्ष्मी जाऊन सात महिने झाले होते. टेलिफोनवरचं नेट फार हळू चालायचं. केबलवाला प्रभंजन मागे लागला होता, "टेलिफोन काढून टाका, माझी केबल घ्या." त्या दिवशी त्यानं केबल चालवून बघायला दिली होती. सहाला तो उत्तर घ्यायला येणार होता.

साडेचारला अळणावर गावचे धोंडिबा मुलीला, सरिताला घेऊन आले. शिक्षकभरतीचा अर्ज पाचला बंद होणार होता. केबलवर पान झटकन उघडलं. निम्मा अर्ज भरला आणि नेट गेलं.

दुकानात तर लाईट होती. प्रभंजनला फोन लावला.

"मागच्या गल्लीतली लाईट गेली, अण्णा. तुमची वायर तिथल्या गच्चीवरच्या डब्यातून येते. लाईट आली की डबा सुरू."

"इथं पाचला अर्ज बंद होतोय!"

"एन माडली, काय करू अण्णा? मी काय लाईट खात्याचा साहेब आहे?"

धोंडिबा हात जोडून म्हणाले, "पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही हो."

मी टेलिफोनवर नेट जोडलं. अर्ज पहिल्यापासून भरायचा होता. पाचला वीस कमी. दुकानामागंच घर, तिथं सासूबाई असायच्या आणि याच लाईनवरचा दुसरा फोन होता. तिकडं कुणी रिसीव्हर उचलला की नेट तुटायचं. आणि जयलक्ष्मी गेल्यापासून सासूबाई रोज पावणेपाचला हुबळीला धाकट्या लेकीला फोन लावायच्या.

"धोंडिबा, आत पळा. फोनला हात लावू देऊ नका."

आतून आवाज आला, "कोण हो तुम्ही? सोडा फोन!"

"अक्का, पाया पडतो, पाचपर्यंत थांबा."

"माझ्या घरात मलाच थांबवता?"

सरिता टाईप करत होती. शेवटचं बटण दाबलं. पान अर्धं उघडून अडकलं. चार अठ्ठावन्नला अर्जाचा नंबर आला. तिनं तो तळहातावर लिहून घेतला.

सहाला प्रभंजन आला.

"टेलिफोन राहणार," मी म्हणालो. "तुझ्या डब्याला बॅटरी बसव, मग ये."

"एका दुकानासाठी बॅटरी? असल्या नेटवर गिऱ्हाईक पळेल, अण्णा."

"पळू दे."

तो वायर गुंडाळायला लागला. मी गुंडाळू दिली.