भिमाची पहिली ओवी

आमच्या वेल्ह्यात चिकटवलेलं काही टिकत नाही. पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं, कपाटांना बुरशी धरते आणि पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं आपोआप सुटून खाली पडतात. म्हणून इथल्या शाळांच्या ग्रंथालयांत एक सवय आहे. लेबल लावलं की त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी ओढायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नखानं दाबत. मी नोकरीला लागले तेव्हापासून हेच करतेय आणि नवीन येणाऱ्यांनाही हेच शिकवतेय. तेव्हा जे झालं त्याचं खापर एकट्या हसीनाबाईंच्या डोक्यावर फोडायला कोणी येणार असेल, तर त्यानं आधी माझ्याशी बोलावं.

हसीनाबाई मुलाणी भोरच्या. जन्मभर शाळेच्या ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त आहेत. भोर आणि वेल्ह्याच्या शाळांतल्या ग्रंथपालांना शिकवायला त्यांना वेल्ह्यातल्या एका हॉलात बोलावलं होतं. पुस्तकांचं आम्हाला येतं, पण शाळांच्या कपाटांत कॅसेटी, सीड्या, नकाशे, स्लाइड असला पसारा पडून असतो, त्याची कुठं नोंद नसते. तो कसा दाखल करायचा, कसा लावायचा, हे शिकायचं होतं. पत्रात लिहिलं होतं, तुमच्या शाळेतला असा सगळा पसारा घेऊन या. भोंगवलीचा दत्ता एक गोणी भरून घेऊन आला. मी आमच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी आणल्या होत्या. त्यात काय होतं देव जाणे, बहुतेक मुख्याध्यापकांची भाषणं असणार.

पासलीकडच्या शाळेतून सिद्धनाथ ढेबे आला होता. पोरगा कसला, चांगला तिशीचा बाप्या आहे. पासलीच्या वर धनगरवाडा आहे, तिथला. शाळेत कारकुनी करता करता ग्रंथालयही त्याच्याच गळ्यात पडलेलं. त्यानं खोकं वगैरे काही आणलं नव्हतं. शर्टाच्या वरच्या खिशात रुमालात बांधलेली एकच कॅसेट होती. सगळे टेबलावर पसारा मांडत होते आणि हा खिशावर हात ठेवून बसलेला.

मी म्हटलं, “काय रे, सोनं आणलंस का?”

“आई आणलीया,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तो पाळण्यात होता तेव्हा शाळेत रखमाजी गुरुजी होते. त्यांना नाद होता. टेपरेकॉर्डर घेऊन वाड्यावर चढायचे आणि बायका नाचणी दळायला बसल्या की जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायचे. सिद्धनाथची आई भिमा हिच्या ओव्या त्यांनी अशाच घेतल्या. पुढं श्रावणात तापानं ती गेली. त्याला चुलतीनं वाढवलं, बयाबाईनं. घरात आईचा फोटो नाही, काही नाही. पण बयाबाई लहानपणापासून सांगत आली, तुझ्या आईनं गुरुजींच्या पेटीत पहिली ओवी तुझं नाव घेऊन म्हटली होती. आता पहिली ओवी देवाची असते, ही आमच्याकडची रीत. शेजारी बसलेल्या बायका तिच्यावर कावल्या, “अगं बया, देवाच्या आदी लेक?” तर म्हणाली, “देवाला लई जणी हायेत. ह्याला मीच हाय.”

गुरुजी बदलून गेले, कॅसेट कुठं गेली कुणाला माहीत नव्हतं. प्रशिक्षणाचं पत्र आलं म्हणून सिद्धनाथनं शाळेचं जुनं कपाट रिकामं केलं, तर तळाशी सापडली. डबीवर गुरुजींच्या अक्षरात, ‘धनगरवाडा, ओव्या, भिमा ढेबे.’ पण वाजवणार कशावर? मोबाईल घरोघर आहे, कॅसेट वाजवणारं यंत्र पंचक्रोशीत नाही.

“आईच्या तोंडून माझं नाव कसं वाटतं ते ऐकायचंय, रत्नाबाई,” तो म्हणाला. “बाकी मला काय शिकायचं न्हाई.”

माझी जीभ तिखट आहे, सगळा तालुका जाणतो. त्या वेळी मी माझ्या कॅसेटी बाजूला सारून त्याच्या कॅसेटला टेबलावर जागा केली.

हसीनाबाईंनी घरून टेपरेकॉर्डर आणला होता. त्यांचे यजमान याकूबभाई रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांचा. चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आल्या होत्या. त्याचं वाजवायचं बटण झिजलेलं होतं, दाबलं तरी धरायचं नाही, बोट काढलं की वर यायचं. त्यावर याकूबभाईंची युक्ती होती. शेजारच्या लाल बटणावर दुसरं बोट टेकवायचं आणि दोन्ही मिळून दाबायचं, मग धरतं. लाल बटण आवाज भरून घेण्याचं. पण घरातल्या कॅसेटी बाजारातल्या गाण्यांच्या, त्यांवर लाल बटण खाली जातच नाही, त्यामुळं त्यांना कधी धोका झाला नव्हता.

ते का जात नाही, तेही त्यांनीच शिकवलं. सिद्धनाथची कॅसेट हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. कॅसेटच्या पाठीवर, दोन्ही कोपऱ्यांत दोन बारक्या कळ्या असतात. त्या मोडल्या की तिथं खड्डा पडतो आणि त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

“गुरुजींनी कळ्या मोडल्यात बघा,” त्या म्हणाल्या. “ही पुसायची नाही, असं ठरवून ठेवलीय त्यांनी.”

सिद्धनाथनं त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.

“आता लावता का, बाई?”

“आधी दाखल, मग वाजवणं,” हसीनाबाई म्हणाल्या. “जुनी फीत आहे बाळा. लावली आणि तुटली, तर निदान काय होतं ते तरी कुठं लिहिलेलं असावं. ज्याला नंबर नाही, ती वस्तू आज ना उद्या हरवते. मी आयुष्यभर हेच बघत आलेय.”

त्यांचं चूक नव्हतं. आजही मी म्हणेन, चूक नव्हतं.

मग सगळ्यांनी नोंदी केल्या. लेबलं कापली, नंबर टाकले. कोणी तरी विचारलं, नंबर कुठं लावायचा? हसीनाबाई दत्ताच्या गोणीत डोकं घालून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पाठीवर. पुस्तकाला लावता तसाच. फडताळात उभी ठेवली की दिसला पाहिजे.” जन्मभर पुस्तकं लावलेली बाई, तिच्या तोंडून दुसरं काय येणार? आणि आम्हीही जन्मभर पुस्तकंच लावलेली माणसं. लावली लेबलं पाठीवर. वर चिकटपट्टी ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सिद्धनाथला पट्टीचं रीळ मीच दिलं. त्यानं एकदा ओढली, मन भरलं नाही म्हणून दुसऱ्यांदा ओढली. दोन्ही कोपरे नखानं गुळगुळीत केले. आईचा नंबर पडायला नको ना! अति तिथं माती म्हणतात, ती अशी होते.

जेवणं झाली. डबे धुऊन सगळे पुन्हा हॉलात आले. हसीनाबाई म्हणाल्या, “आता भिमाबाईंना ऐकू या.”

सगळे टेबलाभोवती जमले. मोबाईलवर उतरवून घ्यायचं म्हणून दत्ता फोन धरून उभा राहिला. सिद्धनाथ मात्र दाराशीच थांबला. एवढा वेळ घाई करणारा माणूस, आता पुढं यायला धजावत नव्हता. हसीनाबाईंनी कॅसेट मागं नेली आणि दोन बोटांनी बटण दाबलं. ते धरलं. चक्र फिरायला लागलं.

आवाज काही येईना. नुसता वरचा पंखा ऐकू येत होता. बाहेर एसटीनं हॉर्न दिला.

“सुरुवातीला फीत कोरी असते,” हसीनाबाई म्हणाल्या. “थांबा जरा.”

आम्ही थांबलो. त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. “सिद्धनाथ, अरे तिकडं काय उभा? ये बाळा, जवळ बस.”

तो आला. खुर्ची ओढून बसला, हात मांड्यांत दाबून. मी त्याच्या अंगावरून पुढं वाकले, आवाजाचं चाक वाढवावं म्हणून, आणि माझी नजर बटणांवर गेली. लाल बटण खाली गेलेलं होतं. हात घातला आणि बंद केलं.

“काय झालं, बाई?” सिद्धनाथनं मला विचारलं.

मी हसीनाबाईंकडं बघितलं. त्या बटणाकडं बघत होत्या. मग त्यांनी कॅसेट बाहेर काढली, तिची पाठ उजेडात धरली. लेबल, त्यावर पट्टी, पट्टीखाली बुजलेले दोन्ही खड्डे. खड्डे बुजले म्हणूनच लाल बटण खाली गेलं होतं. मग त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही.

“पुसलं मी, सिद्धनाथ. सुरुवातीचं मी पुसलं.”

तो त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याला कळलं होतं, पण त्याचा चेहरा अजून वाट बघत होता.

माझा संताप झाला. “अहो, धड एका बोटानं न चालणारं धूड आणायची हौस तुम्हाला कुणी सांगितली होती?” मी ओरडले. “शिकवायला आलात की वाटोळं करायला?” आणि बोलता बोलता लक्षात आलं, चिकटपट्टीचं रीळ माझ्याच मनगटात बांगडीसारखं अडकवलेलं आहे. मी ते काढून टेबलावर ठेवलं.

सिद्धनाथनं कॅसेट घेतली. पट्टी नखानं सोलली, हळूहळू, लेबलासकट. खड्डे मोकळे केले आणि कॅसेट माझ्याकडं दिली. “लावा. जे राहिलंय ते लावा.”

मी दोन बोटांनीच लावली, लाल बटण आता खाली जाईना. जिथं थांबली होती तिथूनच. हसीनाबाईंचे हात त्यांच्या पदराखाली होते.

जात्याची घरघर आली. मग एका बाईचा आवाज, कोवळा, थोडा दमलेला, अर्ध्या ओळीत सुरू झालेला, “…ला गं बाई.” जातं थोडं थांबलं, पुन्हा फिरलं.

“दुसरी माझी ओवी, गडावरच्या मेंगाईला,
पोसवलं भात बाई, ओलावा गं खाचराला.”

पहिली गेली होती. तिचं फक्त शेपूट उरलं होतं.

सिद्धनाथ पुढं झुकला. आईचा आवाज माणूस कसा ऐकतो ते मी त्या दिवशी पाह्यलं, पुन्हा पाहायला नको. तिसरी ओवी भावाची होती, चौथी माहेरच्या वाटेची, मग सासूची, मग एका गायीची. त्यानं सगळी बाजू ऐकली. प्रत्येक ओवी सुरू झाली की त्याचे ओठ हलायचे, आता घेईल नाव, आता घेईल. नाव कुठंच आलं नाही. बाजू संपली आणि बटण खट्‌कन वर आलं.

“पैल्या ओवीतच व्हतं ते,” तो म्हणाला. “चुलती खोटं बोलत न्हाई.”

त्यानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. हसीनाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागं घेतला.

दत्ता मनानं चांगला आहे, पण त्याला गप्प राहवत नाही. म्हणाला, “आपण पहिल्यापासून उतरवून घेऊ. मधे आपलं बोलणं आलं असेल तेवढं मोबाईलवर कापता येतं. साफ दुसऱ्या ओवीपासून करू.” बिचाऱ्याला काही तरी दुरुस्त करायचं होतं. त्यानं कॅसेट मागं नेली आणि लावली.

आमचा हॉल ऐकू आला. पंखा. एसटीचा हॉर्न. कुणीतरी खोकलं. हसीनाबाई म्हणाल्या, “सुरुवातीला फीत कोरी असते. थांबा जरा.” मग पुन्हा पंखा. आणि मग त्यांचाच आवाज आला, दाराकडं तोंड करून बोललेला, म्हणून जरा लांबचा, मायेचा. “सिद्धनाथ, अरे तिकडं काय उभा? ये बाळा, जवळ बस.” खुर्ची सरकली. खट्‌ झालं. लगेच जात्याची घरघर आणि भिमा, “…ला गं बाई.”

दत्तानं बंद केलं. “बघा, एवढंच आहे. हे काढून टाकतो.”

“न्हाई!” सिद्धनाथ उभा राहिला. “हात लावू नका त्याला.”

“अरे, पण तो माझा आवाज आहे,” हसीनाबाई म्हणाल्या. “माझी चूक आहे ती, बाळा. ती कशाला जपायची?”

“आईनं पैलं माझं नाव घेतलं व्हतं. आता बी पैलं माझंच नाव येतंय, आन मग ती येतीय.” त्यानं टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. “मला लहानपणी कुणी असं जवळ बस म्हणालं असंल, तर तिनंच. मला याद न्हाई. हे ऱ्हाऊ द्या, बाई.”

हसीनाबाईंनी त्या कॅसेटच्या नोंदीचं कार्ड, तालिकापत्र, पुढं ओढलं. आवाज, या रकान्यात भिमा ढेबे हे नाव सकाळीच लिहिलेलं होतं. खाली शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, पहिली ओवी प्रशिक्षणात माझ्या हातून पुसली गेली, आणि सही केली. सिद्धनाथनं ते वाचलं. मग त्यांच्या हातातलं पेन घेऊन आईच्या नावाखाली, त्याच रकान्यात, त्यानं हसीना मुलाणी असं लिहिलं.

“आता परत लावा,” तो म्हणाला. “तुमीच लावा.”

हसीनाबाईंनी कॅसेट आत बसवली. लाल बटणाला त्यांनी बोट लावलं नाही. एका बोटानं ते वाजवायचं बटण धरत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पंखा वाजला, हॉर्न वाजला, त्यांनी त्याला जवळ बोलावलं, जातं फिरायला लागलं. बाजू संपेपर्यंत हसीनाबाई बटण दाबून बसून होत्या आणि सिद्धनाथ त्यांच्या शेजारी बसला होता.