हाताचं यश

"आज पाणी आपल्याकडं आलं नाही तर ही वांगी गेली म्हणून समजा!" माझी शेजारीण नवऱ्यावर कडाडली. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. पाटापर्यंत जायची, कोरड्या पाटात डोकवायची, परत यायची.

नवऱ्याला सगळे सबुरी म्हणायचे. तो भेगाळलेल्या वाफ्यात खुरपत म्हणाला, "काकांचं भिजलं की मिळेल की."

काका म्हणजे गावातले बडे बागायतदार. त्यांची जमीन पाटाच्या तोंडाशी आणि पाण्याची पहिली पाळी कायम त्यांची. का, तर त्यांच्या हाताला यश आहे, पाण्याचं सोनं करतात, असं सगळा गाव मानायचा. सबुरीचं रान पाटाच्या पार शेपटाला, तिथं पोचायची ती नुसती ओल.

"वांगी गेली की परत काकांच्याच रानात मजुरीला जायचं. या वर्षी नाही जाणार मी!"

"आपल्या हातालाच यश नाही गं."

"हाताला काय धाड भरलीय? आधी पाणी द्या, मग हात बघा!"

दुपारी काकांच्या रानात पाणी इतकं तुंबलं, की बांधच फुटला. त्यांच्या रानात पाणी घेणारी दारं बंद करावी लागली आणि सगळा पाट खाली धावत सुटला. सबुरीही धावला. आपल्या वाफ्यांकडं नाही, वर काकांचा बांध घालायला! शेजारणीनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि चिखलात उतरून एकटीनं एकेक वाफा भिजवला. बांध पक्का होईपर्यंत पाणी खालीच येत राहिलं.

पुढं काही दिवसांत वांगी अशी लगडली, की झाडांना टेकू द्यावे लागले. गाव बघायला आला आणि म्हणाला, "काकांचं पाणी लागलं हो!" माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला.

पहिला तोडा झाला. सबुरीनं निवडून निवडून टोपली भरली, खांद्यावर घेतली आणि वरची वाट धरली.

"बाजार खाली आहे. कुठं निघालात?" शेजारणीनं विचारलं.

"काकांकडं. त्यांच्यामुळंच झालं ना हे."

"त्यांच्यामुळं? अहो, त्यांचा बांध फुटला म्हणून झालं!"

सबुरी थबकला. मला वाटलं, पेटली एकदाची ट्यूब.

"अगं, पण बांध कुणाचा?" तो म्हणाला. "काकांचाच ना?"

आणि टोपली सावरत चढ चढू लागला.