व्हर्नेलला कुणी विचारलंच नव्हतं

मॅव्हिस शिकागो कायमची सोडून जॉर्जियाला राहायला निघाली आहे हे कळलं, तेव्हा शरयूताईंनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. त्यांनी विचारलं, "का?"

दोघींनी एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली होती. शरयूताई डॉक्टर, मॅव्हिस टेक्निशियन. मॅव्हिसचे वडील १९५१ साली जॉर्जियातून रेल्वेत बसून शिकागोला आले, ही गोष्ट ताईंना पाठ होती. तिकडे काळ्या माणसाने मतदानाचं नाव काढलं तरी त्याच्या घरावर दगड यायचे. शिकागोत पहिलं मत द्यायला जाताना त्या माणसाने मुद्दाम नवा कोट शिवून घेतला होता. मग बाप जिथून जीव मुठीत धरून निघाला, तिथेच लेकीने सत्तरीत घर घ्यावं?

"मुलगा अटलांटात आहे," मॅव्हिस म्हणाली. "आणि इथे राहिलंय कोण? मी आमच्या मतदान केंद्रावर वीस वर्षं काम केलं. पूर्वी सकाळी सहाला दारात रांग असायची. मागच्या खेपेला आम्ही पाच जणी बसून शब्दकोडी सोडवत होतो. शेवटी ते केंद्रच शेजारच्या केंद्रात मिसळून टाकलं. जनगणनेत माणसं कमी भरली म्हणून इलिनॉयची संसदेतली एक जागासुद्धा गेली. त्याला शहर सोडून जाणारे आम्ही काळेच एकटे कारण नाही, पण आम्हीही आहोत."

"आणि ती माणसं गेली कुठे?"

"अटलांटा, शार्लट, ह्यूस्टन. आजोबा जिथून आले, तिकडेच."

झालं. ताईंच्या डोक्यात भुंगा शिरला. मॅव्हिसला गाडी न्यायची होती आणि एवढं अंतर तिला एकटीला झेपणारं नव्हतं. ताईंनी बॅग भरायला घेतली.

"शरयू, या वयात सातशे मैल ड्राइव्ह करणार तू?" ताईंचे यजमान अतुलकाका म्हणाले. "फ्लाइटनं जा ना यार."

"विमानातून काय दिसणार मला?"

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी ताईंच्या घरून, शिकागोजवळच्या शॉमबर्गहून निघाल्या. वाटेत केंटकीत एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटलांटाच्या दक्षिणेला तासाभरावर असलेल्या मॅव्हिसच्या वडिलांच्या गावात पोचल्या. पीचच्या बागा तोडून तिथे एकसारख्या घरांची कॉलनी उठली होती; मॅव्हिसचं नवं घर त्यातलंच. ताईंनी सवयीने येईल त्याला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" डावीकडचे डेट्रॉइटचे, उजवीकडचे नूअर्कचे, समोरची बाई क्लीव्हलँडची. सगळे काळे आणि सगळ्यांचे आजोबा-पणजोबा कधीकाळी याच दक्षिणेतून पळालेले. ताईंना मोठी गंमत वाटली.

रविवारी चर्च सुटल्यावर मॅव्हिसच्या चुलत बहिणीकडे जेवण होतं. व्हर्नेल तिचं नाव. वय चौऱ्याहत्तर, जन्मापासून याच गावात. बत्तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती आणि आता काउंटीच्या कमिशनवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या मंडळावर, निवडून यायला ती दुसऱ्यांदा उभी होती. गेल्या खेपेला अकराशे मतांनी पडली होती.

टेबलाभोवती कॉलनीतली चार नवी मंडळी होती. जो तो व्हर्नेलला निवडणूक शिकवत होता. डेट्रॉइटवाला म्हणाला, आमच्याकडे असं करतात. मॅव्हिस म्हणाली, शिकागोत आम्ही तसं करायचो. व्हर्नेल मुकाट्याने भेंडी आणि मक्याचा पाव वाढत होती.

"तू काळजी करू नकोस," मॅव्हिस म्हणाली. "आता आम्ही आलोय. आमच्यासारखे येताहेत म्हणून तर ही काउंटी बदलतेय."

व्हर्नेलच्या हातातला डाव भांड्यावर जरा जोरात आपटला. ताईंना त्या आपटण्याचा अर्थ नीटसा कळला नाही. पण दोन दिवस सगळ्यांना विचारत आलेला प्रश्न या बाईला लागू पडत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी तो उलटा करून विचारला.

"व्हर्नेल, तुम्ही का नाही गेलात?"

व्हर्नेलने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"जे गेले, त्यांना सगळे विचारतात," ती म्हणाली. "युनिव्हर्सिटीतून पोरं टेप घेऊन येतात. का गेलात, कसे गेलात, गाडीत काय खाल्लंत. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, डॉक्टर."

हात पुसून ती खुर्ची ओढून बसली.

"माझे बाबा एझरा आणि मॅव्हिसचे वडील सख्खे भाऊ. दोघांच्याही पेट्या भरलेल्या होत्या. ऐन वेळी आजी आजारी पडली आणि मी तीन महिन्यांची. बाबा भावाला म्हणाले, तू हो पुढे, मी मागून येतो. मग पासष्ट साली मतदानाचा कायदा आला. बाबा नाव नोंदवायला कोर्टात गेले. तीनदा. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते, दुसऱ्यांदा शाई संपली होती. तिसऱ्यांदा नाव लागलं. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या गिरणीवर गेले, तर मुकादम फाटकातच म्हणाला, उद्यापासून यायचं कारण नाही."

मॅव्हिसने काटा खाली ठेवला.

"मी चौदा वर्षांची होते. आठ महिने बाबांनी मिळेल त्याच्या शेतात काम केलं. आई रोज म्हणायची, भावाला पत्र लिहा, शिकागोला जाऊ. बाबा म्हणायचे, इथे माझं नाव लिहिलंय. मी गेलो की खोडतील. मग पुन्हा पहिल्यापासून कोण सुरू करणार?"

"पप्पांनी हे मला कधी सांगितलं नाही," मॅव्हिस हळूच म्हणाली.

"त्यांना कळलंच नव्हतं. बाबांनी ते पत्र लिहिलंच नाही." व्हर्नेलने पावाचं ताट पुढे सरकवलं. "तुम्ही आलात, मला आनंद आहे. मनापासून. पण इथे आधी कुणी नव्हतंच, असं बोलू नका."

ताईंना मिरजेचा आपला भाऊ रवींद्र आठवला. तू अमेरिकेला का गेलीस, हे त्यांना चाळीस वर्षांत शंभर जणांनी विचारलं असेल. आईवडिलांपाशी राहिलेल्या रवींद्रला त्यांनी स्वतः काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅव्हिस व्हर्नेलच्या दारात गेली आणि म्हणाली, "मी काय करू ते सांग." व्हर्नेलने तिच्या हातात कॉलनीतल्या घरांची यादी दिली. ही माणसं मला ओळखत नाहीत, ती म्हणाली, आणि निम्म्यांनी अजून इथे नावही नोंदवलेलं नाही.

ताई चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्या नऊ दिवस राहिल्या. त्यांचं मत इलिनॉयचं, त्यामुळे त्या कुणाला मत द्या म्हणत नसत. त्या फक्त विचारत, तुम्ही मूळचे कुठले? त्या प्रश्नावर कुणी दार लावून घेतलं नाही. नूअर्कचा एक निवृत्त पोस्टमन तर अर्धा तास बोलत राहिला. त्याचे पणजोबा शेजारच्याच काउंटीतले निघाले. पाच वर्षं इथे राहूनही त्याने नाव का नोंदवलं नव्हतं? "अजून पाहुणा आल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. त्याच दुपारी त्याने अर्ज भरला.

नोव्हेंबरात निकालाच्या दुसऱ्या दिवशी मॅव्हिसचा फोन आला, तेव्हा ताई पोहे करत होत्या.

"पडली," मॅव्हिस म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी मतांनी."

"अरेरे!"

"अरेरे काय, डॉक? अकराशेवरून अठ्ठ्याऐंशीवर आलो! थांब, तिला बोलायचंय."

व्हर्नेलचा आवाज बसला होता. पण बोलण्यात हार दिसत नव्हती. "डॉक्टर, एक विचारू? मॅव्हिसच्या शिकागोच्या गल्लीत आता कोण राहिलंय?"

ताईंनी गॅस बारीक केला. मॅव्हिस गेली, तिचं केंद्र गेलं, एक जागा गेली, सगळं त्यांना माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"जाऊन बघा की."

शनिवारी अतुलकाकांनी गाडी काढली. गल्लीत ओळीने सात घरं होती. पहिल्या चारांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. पाचव्या घराची घंटा ताईंनी वाजवली. साखळी न काढता एका म्हाताऱ्या बाईने दार किलकिलं केलं.

"जनगणनेवाल्या का?"

"नाही. मी मॅव्हिसची मैत्रीण. इथे कोण राहिलंय, ते बघायला आलेय."

बाईने ताईंना आणि मागे उभ्या असलेल्या काकांना आपादमस्तक न्याहाळलं. मग साखळी काढली.