तिसरा शर्ट

गेल्या दोन हंगामांतले व्हर्लिन स्ट्रोडच्या दोन शर्टांचे तुकडे ड्वाइटच्या शेडमध्ये भिंतीला खिळ्यांनी ठोकलेले होते. हरणावरचा नेम चुकला की शर्टाची मागची पट्टी कात्रीने कापायची, ही ओहायोच्या त्या डोंगराळ भागातली जुनी पद्धत. ड्वाइटच्या शिकारी टोळीने तिला आणखी एक नियम जोडला होता. लागोपाठ तीन हंगाम शर्ट कापला गेला, की माणसाने बंदूक ठेवायची आणि सगळ्यांसाठी दुपारची चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, ढवळायची.

व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचा होता. बंदुकीच्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी त्याला आता दिसण्यापेक्षा आठवायचीच जास्त. म्हणून तो बंदुका दुरुस्त करणाऱ्या नोरीनकडे गेला आणि शॉटगनवर दुर्बीण बसवायची म्हणाला.

नोरीनने तीन रस्ते सांगितले. बंदुकीला भोकं पाडून पट्टी बसवायची, किंवा नळीच अशी घ्यायची जिच्यावर दुर्बिणीची जागा आयती असते, किंवा घोड्यावर टाकतात तसं खोगीर टाकायचं, ते बंदुकीच्याच खिळ्यांवर बसतं. बंदूक वडिलांची होती, भोकं पाडणं व्हर्लिनला पटेना. नवी नळी म्हणजे तिच्यात वडिलांचं काय राहिलं? त्याने खोगीर घेतलं.

"मग एक ऐक," नोरीन म्हणाली. "दुर्बीण राहणार मागे, बंदुकीच्या अंगावर, नळी पुढे. एकदा नेम बसवलास की नळी काढू नकोस. काढलीस तर दोघी एकमेकींना विसरतात."

व्हर्लिनने मान डोलावली. शेतावर पुठ्ठा लावून त्याने पंधरा गोळ्या झाडल्या. खांदा निळा पडला, पण शेवटच्या तीन गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या.

हंगामाच्या पहिल्या सकाळी तो ओढ्याकाठच्या जागेवर उभा राहिला. टेकडीपलीकडून हाकाऱ्यांचे आवाज येऊ लागले. त्याने सवयीने नळी जागेवर धरून ठेवणारं बूच घट्ट आहे का ते चाचपलं. घट्ट होतं. कालच दुपारी, बंदूक साफ केल्यावर, त्याने स्वतः आवळलं होतं. साफ करताना नळी काढायची असते, ही पन्नास वर्षांची शिस्त. हाताने कुणालाही न विचारता ती पाळली होती.

तेवढ्यात हरणाचा नर आला. चाळीस पावलांवर थांबला. दुर्बिणीतून व्हर्लिनने त्याच्या शिंगांची टोकं मोजली, नऊ. मग बंदूक खाली केली.

शेडमध्ये ड्वाइटने कात्री काढून ठेवली होती.

"व्हर्लिनकाका, तुमच्या समोरूनच गेला. बार का नाही ऐकू आला?"

व्हर्लिनने नळीची हकीकत सांगितली. कुणी हसलं, कुणी म्हणालं की म्हातारा झोपला असेल. कुंपणाला पुठ्ठा टांगून व्हर्लिन चाळीस पावलं मागे गेला आणि नेमक्या मध्यावर धरून बार काढला. भोक वीतभर डावीकडे पडलं.

ड्वाइटने बोट घालून पाहिलं. "म्हणजे हरणाचं पोट," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत रक्तामागे हिंडलो असतो."

न झाडलेली गोळी चुकली म्हणायची का, याला नियमात उत्तर नव्हतं. ड्वाइटने कात्री खणात टाकली.

"गोळ्या किती उरल्यात?"

"चार."

"जेवून घ्या. मग नेम बसवा. तिसऱ्या हाक्याला ओढ्यावर तुम्हीच."

व्हर्लिनने शर्ट पँटमध्ये नीट खोचला आणि वाडगा पुढे केला. चिली तळाला लागली होती.