शेप, एक चमचा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अजिनाथांनी कुकरच्या झाकणातली रबरी रिंग काढली, शिट्टी उपसली आणि दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. कुकरच्या तळाशी जाडं मीठ पसरलं, त्यावर एक वाटी पालथी घातली आणि गॅस पेटवला. समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावलेला कॅलेंडरचा कागद होता. त्याच्या पाठीवर त्यांच्या मुलीच्या, ऋतुजाच्या, अक्षरात ‘कुकरमधला तिखट पाव’ असं लिहिलं होतं. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन त्यांनी पुढची ओळ वाचली.

अजिनाथ एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही या स्वयंपाकघरात त्यांचा वावर माठातलं पाणी घेण्यापुरताच राहिला होता. पिठाचा डबा सापडायला त्यांना चार डबे उघडावे लागले.

ऋतुजा आतल्या खोलीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती नातेपुत्याहून सोलापूरला आली होती. एकोणीस दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली. बाळ रडलंच नाही. दूध आटावं म्हणून दवाखान्यातून गोळ्या दिल्या होत्या, त्या ऋतुजानं वेळच्या वेळी घेतल्या. बाराव्या दिवशी घरात कुणी दिवस मोजला नाही; मोजला असेल तर बोललं नाही. गेले तीन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. दवाखान्यात चल म्हटलं की भिंतीकडं तोंड करायची. शेवटी आज तिची आई, केराबाई, एकट्याच दवाखान्याचे कागद घेऊन डॉक्टरांकडं गेल्या होत्या. तीन वाजता त्यांचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले होते, सहा वाजता कळवा. तोवर पोटात काही गेलं नाही तर उचलून आणा, सलाईन लावावं लागेल.

पाव त्यांना त्यानंतर सुचला. आठव्या महिन्यात ऋतुजानं तो दोनदा केला होता. भाकरी नको झालेली असताना तिनं तो एकटीनं अर्धा संपवला होता.

कागदावर दही एक वाटी होतं. घरात नव्हतं. अजिनाथ वाटी घेऊन मागच्या दाराला गेले. शेजारच्या बसम्मा कपडे काढत होत्या.

“दही हाय का वाटीभर?”

“हाय की. कडी करतीय का केराक्का?”

“ती न्हाई घरी. मी पाव करतोय कुकरात.”

बसम्मांनी हातातली चादर दोरीवर परत टाकली.

“अण्णा, तुमी? कुकरला गिअर नसतोय बगा.”

“ब्रेक तर असंल.”

“पोरीसाठी व्हय?” त्या आत जाऊन दही घेऊन आल्या. वाटी देताना आवाज खाली आला. “बाकी सगळं हाय न्हवं घरात? सोडा, मिरची?”

“हाय.”

“मग करा. आच मंद ठेवा. घाटात उतरल्यागत.”

परत येऊन त्यांनी कणीक दोन वाट्या मोजली. सोडा पाऊण चमचा, मीठ, तेल. मिरच्या कात्रीनं कापल्या, कोथिंबीर हातानं तोडली. कागदावर पुढं होतं: ‘शेप, एक चमचा, भाजून’. फळीवर जिऱ्याच्या डब्यामागं त्यांना ती सापडली, चपट्या दाण्यांची, स्टीलच्या डब्यात गळ्यापर्यंत भरलेली. पळीत भाजताना उग्र वास आला. भाजलं की वास येणारच, असं त्यांना वाटलं. एक चमचा घातली. जरा विचार करून आणखी अर्धा घातली.

शेवटच्या ओळीखाली ऋतुजानं दोन रेघा मारल्या होत्या: ‘दही घातल्यावर वेळ घालवायचा नाही’. त्यांनी घालवला नाही. पीठ तेल लावलेल्या डब्यात ओतलं, डबा कुकरात उतरवला, झाकण ठेवलं. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मग ते ओट्याजवळ उभे राहिले. बसले नाहीत.

सव्वापाचला सुरी खुपसून पाहिली तेव्हा तिला थोडं पीठ लागलं. पाच पंचवीसला लागलं नाही. पाव वरून भेगाळला होता आणि एका बाजूला कललेला होता. त्यांनी चार तुकडे केले, दोन ताटलीत घातले आणि आत गेले.

ऋतुजा कॉटवर बसली होती. केस तीन दिवसांत विंचरलेले नव्हते.

“तुझ्या कागदावरनं केलाय,” ते म्हणाले. “वाकडा झालाय.”

तिनं ताटलीकडं पाहिलं.

“एक घास घे. चव तरी सांग मला.”

बऱ्याच वेळानं तिनं एक कोपरा मोडून तोंडात घातला. चावता चावता ती थांबली. तुकडा नाकाजवळ नेऊन तिनं वास घेतला आणि प्रथमच वडिलांकडं नीट पाहिलं.

“आप्पा, हे तुमीच घातलं?”

“काय? मीठ जास्त झालं का?”

“न्हाई.”

तिनं पुढचा घास घेतला. मग त्याच्या पुढचा. अजिनाथ दारात उभे राहून पाहत होते. तुकडा संपला तेव्हा ते वळून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुतली.

पावणेसहाला केराबाई आल्या. चप्पल काढता काढता त्यांनी विचारलं, “खाल्लं का काय?”

“एक तुकडा. पुरा. पाव केला मी.”

केराबाईंनी भिंतीला हात टेकला. मग त्यांनी मान वर केली आणि वास घेतला.

“ह्यात घातलंय काय?”

“लिवलंय तेच. शेप.”

“कुठली?”

अजिनाथांनी डबा दाखवला. केराबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि लावलं. डिंक, खारीक, अळीव, टोपडी, सगळं त्यांनी बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी बार्शीला बहिणीकडं धाडलं होतं. पाळणा ज्याचा त्याला परत केला होता. हा डबा जिऱ्यामागं राहिला होता.

“बडीशेप लिवलंय हो तिनं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ही बाळंतशेप हाय.”

अजिनाथ कागदाकडं गेले. तिथं नुसतं ‘शेप’ होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

केराबाई आत गेल्या आणि ताटलीला हात घातला. ऋतुजानं ताटली सोडली नाही.

“दे ती. दुसरं करून देते. भात टाकते गरम.”

“ऱ्हाऊ दे.”

“अगं, चुकून पडलंय त्यांच्या हातनं. बाळंतिणीचं हाय ते.”

“मग मी कोण हाय?”

केराबाईंचा हात ताटलीवर तसाच राहिला.

“एकोणीस दिवस झाले,” ऋतुजा म्हणाली. “एकानं तेल लावलं न्हाई. शेक न्हाई. डोक्याला बांदलं न्हाई. सगळे आपले, उठ, खा, झोप.”

“तुला तरास हुईल म्हणून, बाई.”

“व्हय.”

तिनं दुसरा तुकडा घेतला. एकेक दाणा दाताखाली सापडेपर्यंत ती चावत होती, औषध घ्यावं तशी.

“ह्यानं दूध येतंय म्हणली हुतीस तू,” ती म्हणाली. “किती दिवसांत?”

केराबाईंनी ताटलीवरचा हात काढला. बाहेर सहाचा गजर वाजला. तो अजिनाथांनीच फोनवर लावलेला होता. त्यांनी तो बंद केला आणि डॉक्टरांचा नंबर लावला. दारातून त्यांना दोघी दिसत होत्या. केराबाई आता कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या.

“हां, बोला,” डॉक्टर म्हणाले. “खाल्लं का तिनं?”

“खातीय.”

“स्वतःच्या हातानं?”

“व्हय.”

“किती?”

“दुसरा तुकडा चाललाय. पावाचा.”

“उत्तम. मग आज आणायची गरज नाही. मागेल ते द्या, अडवू नका.”

“डॉक्टर,” अजिनाथ म्हणाले आणि थांबले.

“बोला ना.”

“न्हाई. काही न्हाई.”

फोन ठेवला तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. ऋतुजानं रिकामी ताटली आणखी पावासाठी पुढं केली होती आणि केराबाईंनी ती अजून घेतली नव्हती.