दर वसंतात वर येणारा खांब

मित्रांनो, कपडे वाळत घालायच्या दोरीचा मी एक म्हातारा खांब आहे, सीडरच्या लाकडाचा. सेंट लॉरेन्स नदीकाठी ओविला आणि डेल्विना या नवराबायकोच्या परसात उभा आहे. इथे बायका कडाक्याच्या थंडीतही सोमवारी कपडे वाळत घालतात. मग विजारी गोठून फळीसारख्या ताठ होतात.

ओविलानं मला रोवलं तेव्हा कमरेइतकं खणून फावडं टाकलं. चिकणमाती चिवट होती आणि घरात वाटाण्याचं सूप गार होत होतं.

डेल्विना म्हणाली, "एवढ्यानं भागायचं नाही. इथली जमीन पाच फूट खोल गोठते."

"मी खांब रोवतोय, विहीर नाही खणत," ओविला म्हणाला आणि जेवायला गेला.

पहिल्याच वसंतात मी चार बोटं वर आलो. मला भारी नवल वाटलं! खालून कोण ढकलतंय? चिचुंद्री? एखादं मूळ? खरं सांगू, मला तर वाटलं की मी पुन्हा वाढायला लागलो. मी हरखून गेलो होतो. ओविलानं मोठा हातोडा घेऊन डोक्यावर धपाधप घाव घातले, तेव्हा माझा आनंद ओसरला. पाच वर्षं हेच चाललं. डोकं चिरलं, पण मी काही खाली गेलो नाही.

मग त्यांच्या लेकीचं, फर्नांडचं लग्न ठरलं, मेच्या पहिल्या शनिवारी. लग्नाच्या दिवशी पाऊस येऊ नये म्हणून आदल्या दिवशी दोरीवर जपमाळ टांगायची, ही इथली रीत. शुक्रवारी दुपारी फर्नांडनं आजीची माळ दोरीला अडकवली. तेवढ्यात वारा आला आणि मी आडवा झालो. माळ चिखलात पडली. फर्नांडचा चेहरा उतरला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओविला म्हणाला, "बस झालं. उद्या हा चुलीत."

"नाचता येईना अंगण वाकडं," डेल्विना म्हणाली. "खांबाला कशाला बोलतोस? आधी खाली बघू तर काय आहे ते."

तिनं फावडं उचललं. माझा पाय जेमतेम दोन फूट आत उरला होता. आणखी थोडं खणल्यावर मातीत पांढरे थर लागले. तिनं एक तुकडा ओविलाच्या तळहातावर ठेवला. मे महिन्यात बर्फ!

"हा बघ तुझा चोर," ती म्हणाली. "ओली माती गोठली की फुगते, खांबाला धरून वर उचलते. खालच्या पोकळीत गाळ शिरतो. मग तू हातोडा मार नाहीतर डोकं आपट, तो खाली जाईल कसा?"

ओविलानं तो तुकडा हातातच वितळू दिला. मग त्यानं पहार घेतली. संध्याकाळी खड्ड्यातून त्याची फक्त टोपी दिसत होती. त्यानं तळाशी खडी टाकली, मला उभं केलं, भोवतीही खडीच भरली आणि वीत वीत भरून ठोकून बसवली. पाणी झिरपून जावं म्हणून.

फर्नांडनं माळ धुऊन पुन्हा टांगली. शनिवारी पाऊस आला नाही. ते माळेमुळे की वाऱ्यामुळे, हे मला अजून कळलेलं नाही.

पण ओविलानं बजावलं होतं, "पुढच्या वसंतात एक बोट जरी वर आला, तर करवत आणि चूल." तो हिवाळा मी जीव मुठीत धरून काढला. एप्रिलमध्ये बर्फ ओसरला. ओविला गुडघ्यांवर बसला, माझ्या बुंध्याशी बोट लावून मोजलं, पुन्हा मोजलं. मी केसभरही हललो नव्हतो.

डेल्विना दातांत चिमटा धरून चादर टांगत होती. तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस," तो म्हणाला. "राहू दे याला."

मित्रांनो, कुणी डगमगताना दिसला, तर डोक्यावर घाव घालण्याआधी त्याचे पाय कुठवर गेलेत ते एकदा वाकून बघा.